डायबेटीसच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांची सुरुवात १९२१ ला नाही झाली
डायबेटीसवरच्या लेखात म्हटलंय की कुत्र्याचं स्वादुपिंड काढायचा प्रयोग १९२१ ला टोरांटोत बँटिंग-बेस्ट या संशोधकांनी पहिल्यांदा केला, ते चुकीचं आहे. १८८९ मध्येच स्ट्रासबर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या डॉक्टरांनी ते केलं होतं, कुत्रा सारखा लघवी करायला लागला, तपासली तर साखर, आणि तिथूनच कळलं की डायबेटीसचं मूळ कुठे आहे. बँटिंग-बेस्टनी पुढे स्वादुपिंडाचा इन्सुलिन असलेला अर्क टोचून अशा कुत्र्यांची साखर खाली आणली, मार्जोरी नावाची कुत्री तर त्यावर जवळपास ७० दिवस जगली.

आमच्या कुत्रीलाही डायबेटीस आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन. तिचं खाऊन झालं की मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई टोचते, तेव्हा दर वेळी त्या मुक्या जिवांची आठवण येते हो.