बायोटिनची गोळी आणि आपोआप थांबणारी केसगळती

केस गळणे म्हणजे जीवनसत्त्वांची कमतरता, तेव्हा बायोटिन हे जीवनसत्त्व घ्या, डोके वारंवार धुऊ नका, तीन महिन्यांत गळती थांबेल; टक्कल आईच्या माहेराकडून आले असेल तर मात्र इलाज नाही, असा एक संदेश सर्वत्र फिरत आहे.

बायोटिनची खरी कमतरता क्वचितच आढळते आणि ती नसताना या गोळ्यांनी केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. उलट मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे काही रक्तचाचण्यांचे निष्कर्ष चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला होता. त्यांत थायरॉइडच्या चाचण्याही येतात. म्हणजे केसगळतीचे एक खरे कारण शोधण्याच्या वाटेतच ही गोळी आडवी येऊ शकते. लोहाची कमतरता मात्र जरूर तपासावी.

तीन महिन्यांचा दावा सर्वांत फसवा आहे, कारण तो अनेकांच्या अनुभवाशी जुळतो. तीव्र ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा अतिरेकी डाएट यांनंतर पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात. मूळ कारण दूर झालेले असेल तर ही गळती साधारणपणे सहा महिन्यांत आपोआप ओसरते. माणूस घाबरून गोळ्या सुरू करतो तो गळती ऐन भरात असताना, आणि पुढच्या ओहोटीचे श्रेय साहजिकच गोळीला मिळते.

धुण्याबद्दल फार लिहायला नको. रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक असून, धुताना हाती येणारे केस मुळापासून आधीच सुटलेले असतात.

आनुवंशिक टकलाशी संबंधित एक महत्त्वाचे जनुक आईकडून येते हे खरे. पण इतर अनेक जनुके दोन्हीकडून येतात. इलाज नाही हे तर साफ चूक. टाळूला लावायचे मिनॉक्सिडिल आणि पुरुषांसाठी फिनास्टेराइड यांनी विरळपणा रोखता येतो, काहींना केस परतही येतात, मात्र उपचार चालू ठेवावे लागतात. मिनॉक्सिडिलच्या पहिल्या काही आठवड्यांत गळती उलट वाढू शकते, आणि पुष्कळजण नेमके तेव्हाच ते सोडतात.

या संदेशात इतर प्रकारांचा उल्लेखच नाही. गोल, गुळगुळीत चट्टा बहुधा रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडातून येतो; मुलांच्या डोक्यावरील खवलेदार चट्टा बुरशीचा असल्यास पोटातून औषध लागते. टाळू लाल, दुखरी किंवा चकचकीत होऊन केसांची छिद्रे दिसेनाशी होत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे लगेच जावे, कारण तिथे नष्ट झालेली मुळे परत येत नाहीत आणि उपचारांनी फक्त उरलेली वाचवता येतात.