मानसशास्त्राविरुद्ध फिरणाऱ्या संदेशातील पाच आक्षेप

दहावीचा निकाल लागून अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचे पसंतीक्रम भरण्याची वेळ आली की नाशिकमधील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. ‘मुलांना मानसशास्त्र घेऊ देऊ नका’ असे बजावून त्यात पाच कारणे दिलेली असतात: हा विषय म्हणजे नुसते व्यवहारज्ञान आहे, तो परदेशी आहे, तो शिकणारी मुले स्वतःलाच आजार चिकटवून घेतात, त्यात पाठांतरावर गुण मिळतात आणि पुढे त्यावर पोट भरत नाही. यांतील पहिले तीन आक्षेप टिकत नाहीत. उरलेल्या दोहोंत काही तथ्य आहे.

व्यवहारज्ञानाचा आक्षेप सर्वांत लोकप्रिय आहे. धडा पक्का करायचा तर तो पुन्हा पुन्हा वाचावा, असे घरोघरी सांगितले जाते आणि ते सहज पटतेही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये ही समजूत विद्यार्थ्यांवर तपासून पाहिली. एका गटाने चारही सत्रे उतारा वाचण्यात घालवली. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचून, पुढच्या तीन सत्रांत उतारा समोर न ठेवता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता, पण आठवड्यानंतर नुसते वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर सांगता आला. गंमत अशी की आपल्या लक्षात जास्त राहील हा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. बारावीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला याहून उपयोगी माहिती क्वचितच मिळेल, आणि ती व्यवहारज्ञानातून हाती आलेली नाही.

तीच गोष्ट मदतीची. द्वारका चौकासारख्या गजबजलेल्या ठिकाणी कोणी कोसळले तर जितकी माणसे जास्त तितकी मदत लवकर, असा आपला हिशेब असतो. जॉन डार्ली आणि बिब लाताने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या १९६८ च्या प्रयोगात मात्र, अपस्माराचा झटका आलेल्या माणसाचा आवाज आपण एकटेच ऐकत आहोत असे वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक वेळेत मदतीला उठले, तर आणखी चार जण ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांपैकी केवळ ३१ टक्के. पुढे रस्त्यांवरील कॅमेऱ्यांची चित्रणे तपासणाऱ्या संशोधकांना असेही आढळले की खऱ्या भांडणांत दहापैकी सुमारे नऊ वेळा कोणी ना कोणी मध्ये पडतेच. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून प्रत्येकाची परिस्थिती काय होती, एकेका माणसाने मदत करण्याची शक्यता आणि जमावातील कोणीतरी मदत करण्याची शक्यता यांत फरक काय, हे विचारायला शिकणे हाच या विषयाचा गाभा आहे.

परदेशीपणाच्या आक्षेपावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांची मानसशास्त्राची प्रयोगशाळा १८७९ मध्ये सुरू झाली हे खरे, पण कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग १९१६ मध्येच उघडला होता. शिवाय २०२७ च्या सिंहस्थाची तयारी करणाऱ्या या शहराला हे ठाऊक असायला हवे की प्रयागच्या माघमेळ्यातील कल्पवासींचा, म्हणजे महिनाभर नदीकाठी व्रतस्थ राहणाऱ्या यात्रेकरूंचा, भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी अभ्यास केला असून त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. गर्दी, थंडी आणि गोंगाट सोसूनही मेळ्यानंतर कल्पवासींनी सांगितलेले स्वतःचे स्वास्थ्य, मेळ्याला न गेलेल्यांच्या तुलनेत सुधारलेले दिसले.

मुले स्वतःला आजार चिकटवतात, या भीतीमागे खरी काळजी आहे. लक्षणे वाचता वाचता ती आपल्यातच दिसू लागण्याचा अनुभव वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनाही येतो. परंतु मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या रीलमधून मुलांच्या कानावर नैराश्य, चिंताविकार हे शब्द आधीच पडलेले असतात, आणि त्या रीलमध्ये निकष सांगितलेले नसतात. वर्गात मानसिक विकृती शिकवल्या जातात तेव्हा नैराश्याच्या निदानासाठी ठरावीक लक्षणांचा समूह किमान दोन आठवडे टिकावा लागतो आणि त्याने दैनंदिन जगणे विस्कळीत व्हावे लागते, हे समजते. चाचणी परीक्षेत गुण कमी पडल्याने दोन दिवस आलेली उदासी आणि आजार यांतील सीमारेषा त्यातूनच स्पष्ट होते. निदान मात्र तज्ज्ञानेच करायचे असते, आणि गरज भासल्यास शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक उपलब्ध आहे.

पाठांतराविषयीची तक्रार बरीचशी रास्त आहे. राज्य मंडळाच्या शंभर गुणांपैकी ८० लेखी परीक्षेला आहेत, आणि व्याख्या घोकून त्यांतले पुष्कळ मिळवता येतात. उरलेल्या गुणांचा प्रकल्प कोठून तरी उतरवून काढला, तर मुलाला प्रयोग म्हणजे काय हे कळतच नाही. हा दोष शिकवण्याच्या पद्धतीचा आहे, आणि तो इतिहास किंवा जीवशास्त्रातही तितकाच आढळतो. त्यासाठी ते विषय सोडा, असे कोणी सांगत नाही.

उपजीविकेचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि इथे विषयाची बाजू घेणारेही अतिशयोक्ती करतात. बारावीला मानसशास्त्र घेतल्याने कोणी समुपदेशक होत नाही, बी. ए. केल्यानेही उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर मान्यताप्राप्त उच्च प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. ही वाट लांब आणि खर्चाची आहे. तिच्याशिवाय मनुष्यबळ व्यवस्थापन, शिक्षण, समाजकार्य, ग्राहक संशोधन अशा क्षेत्रांत हा पाया उपयोगी पडतो, आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानसशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे. पसंतीक्रम भरण्याआधी पालकांनी कनिष्ठ महाविद्यालयाकडे दोनच गोष्टींची चौकशी करावी: या विषयासाठी स्वतंत्र शिक्षक आहेत का, आणि गेल्या वर्षी विद्यार्थ्यांनी स्वतः केलेले प्रकल्प पाहायला मिळतील का.