‘प्री-सेशनल म्हणजे लूट’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

भाचीला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एमएस्सीला प्रवेश मिळतोय. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत रायटिंगला अर्धा बँड (गुणांची पायरी) कमी पडला, म्हणून आधी दहा आठवड्यांचा प्री-सेशनल कोर्स, म्हणजे मुख्य अभ्यासक्रमाआधीचा अभ्यासाच्या इंग्रजीचा वर्ग, करायची अट आहे. सगळं ठरलं होतं. मग घरच्या ग्रुपवर मेसेज आला: ‘प्री-सेशनल ही निव्वळ लूट. इंग्लिश मीडियमच्या मुलांना गरजच नाही. परीक्षा पुन्हा द्या. असाइनमेंटची चिंता नको, तिकडे लिहून देणारे मिळतात.’ ताईचा लगेच फोन, “रद्द करू का?”

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण ते पोरांना खड्ड्यात घालणारं आहे. पैसे घेऊन असाइनमेंट लिहून देणं, त्याची जाहिरात करणं हा इंग्लंडमध्ये 2022 च्या कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा लिहून देणाऱ्याला धरतो. विद्यार्थ्याकडे विद्यापीठ बघतं. विद्यापीठाने काढून टाकलं की ते गृहखात्याला कळवलं जातं आणि व्हिसा जातो. घर गहाण ठेवून काढलेलं कर्ज तेवढं उरतं. हा सल्ला देणारा ते फेडणार आहे का?

आणि मुलं त्या दारात का जातात? आपण चार वर्षं सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवून काढतो, म्हणून. मीही तेच केलं होतं. माझ्या प्री-सेशनलमधला पहिला निबंध परत आला तेव्हा समासात सात ठिकाणी एकच प्रश्न होता: ‘हे कोण म्हणतं?’ संदर्भ द्यायचा असतो, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडून त्याच्याशी वाद घालायचा असतो, हे मला तिथे कळलं. तिथला मास्टर्स एका वर्षाचा. सप्टेंबरात सुरू होतो आणि डिसेंबर-जानेवारीत गुणांच्या असाइनमेंट द्याव्या लागतात. चुकत शिकायला वेळ कुठे आहे?

इंग्लिश मीडियमचं म्हणाल, तर आयईएलटीएसचा मोठा निबंध 40 मिनिटांत 250 शब्दांचा, स्वतःच्या मतावर. त्यासाठी एकही शोधनिबंध वाचावा लागत नाही. खुद्द आयईएलटीएसच्याच मार्गदर्शक तक्त्यात कायदा, पत्रकारिता अशा भाषेवर उभ्या असलेल्या अभ्यासक्रमांसाठी साडेसहा बँडसमोर ‘अजून इंग्रजीचा अभ्यास हवा’ असं लिहिलंय.

परीक्षा पुन्हा द्यायची तर जरूर द्या. आता एकाच विभागाचीही देता येते. विद्यापीठ ते गुण धरतं का, एवढं आधी विचारा.

फी मात्र जास्त आहे, हे मान्य करावंच लागेल. हजारो पौंड, वर राहण्याचा खर्च. काही ठिकाणी असे तयारीचे कोर्स खासगी कंपन्या चालवतात, एजंटांना कमिशन मिळतं. ज्याला विनाअट प्रवेश मिळालाय त्याने ते करायलाच हवेत असंही नाही. टर्म चालू असताना बऱ्याच विद्यापीठांत लेखनाचे मोफत वर्ग असतात.

ताईला सांगितलं, रद्द करू नकोस. भाचीला म्हटलं, तुझ्या बीईच्या प्रोजेक्ट रिपोर्टचं पहिलं पान काढ आणि प्रत्येक वाक्यासमोर लिही, हे कोण म्हणतं. काल रात्री तिने फोटो पाठवला. अकरा वाक्यं, त्यातल्या नऊ वाक्यांसमोर जागा कोरी.