मूल कोणाला व्हावे, हे सरकारने का ठरवावे?

आज दापोलीतील एका आरोग्य मेळाव्यात व्यासपीठावरून सांगण्यात आले की, पुढील काळात मूल प्रयोगशाळेतही वाढवता येईल, म्हणून ते कोणाला मिळावे आणि कोणाला नाही हे सरकारने आतापासूनच ठरवून टाकले पाहिजे. सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्या कितीतरी जणी माझ्या रोजच्या बोलण्याचालण्यातल्या आहेत, आणि त्याचाच मला अधिक त्रास झाला.

माझ्या भाचीची हकिकत तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. तिला विचारूनच लिहिते आहे. तिशी ओलांडते न ओलांडते तोच तिला कर्करोग झाला आणि गर्भाशय काढावे लागले. त्याआधी डॉक्टरांनी तिची स्त्रीबीजे गोठवून ठेवली. आज ती ठणठणीत आहे, मुंबईत नोकरी करते, स्वतःच्या घरात राहते. तिची वहिनी, जी स्वतः एका मुलीची आई आहे, तिचे मूल आपल्या पोटात वाढवायला आपणहून तयार झाली. त्यात पैशाचा व्यवहार नाही आणि घरात कोणाची हरकत नाही. तरीही हे होऊ शकत नाही, कारण भाचीचे लग्न झालेले नाही. २०२१ चा सरोगसी कायदा एकट्या स्त्रीला मुभा देतो ती विधवा किंवा घटस्फोटित असेल तरच, आणि तिचे वय ३५ ते ४५ असेल तरच.

बापाविना मूल वाढू नये म्हणून हा नियम असेल, असे कोणी म्हणेल. तसे मुळीच नाही. त्याच वर्षीच्या सहायक प्रजनन कायद्यानुसार अविवाहित स्त्रीला दात्याचे बीज घेऊन आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडण्याचा उपचार, करून घेता येतो. म्हणजे भाचीचे गर्भाशय शाबूत असते तर ती आज कायदेशीरपणे आई होऊ शकली असती. आजाराने तिच्याकडून जे हिरावून घेतले, त्याचीच शिक्षा कायदा तिला देतो आहे, आणि याचे एकही समाधानकारक उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

सरकारच्या हाती हा निर्णय सोपवावा, असे म्हणणाऱ्यांनी सरकारे आजवर कशी वागली ते आठवावे. १९७६ मध्ये, आणीबाणीत, आपल्याच विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरले नाही, एवढेच. रुमानियात १९६६ पासून १९८९ पर्यंत नेमके उलटे झाले, लोकसंख्या वाढावी म्हणून गर्भपातावर बंदी आली आणि असंख्य बायका चोरून केलेल्या गर्भपातात दगावल्या. महाराष्ट्रात दोनपेक्षा जास्त मुले असणाऱ्याला अजूनही ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, तर आंध्र प्रदेशाने हाच नियम २०२४ मध्ये रद्द केला, कारण आता तेथील सरकारला अधिक मुले हवी आहेत. कोणाची कूस कधी भरावी आणि कधी रिकामी राहावी, याचा हिशेब मंत्रालयात मांडला जातो तेव्हा त्यात बाई कुठेच नसते.

दापोलीच्या सभागृहात टाळ्या पडाव्यात, याचे दुःख विशेष आहे. कर्व्यांचे मुरूड इथून हाकेच्या अंतरावर आहे. त्याच घराण्यातील रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, त्यापायी प्राध्यापकी गमावली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरील अश्लीलतेचे खटले सोसले. त्यांतील एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. मूल कधी आणि किती, हे बाईने ठरवावे, या एका गोष्टीसाठी त्यांनी आयुष्य खर्ची घातले. त्यांना छळणारेही आपण हे समाजाच्या हितासाठीच करतो, असेच म्हणत होते.

कायदाच नको, असे मी म्हणत नाही. लिंगनिदानावर १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम कायदा आणला तो आवश्यकच होता, आणि गरीब बायकांच्या गर्भाशयाचा बाजार मांडणाऱ्यांना आवर घालणेही भाग होते, हे मान्य करते. पण दवाखाने, दलाल आणि यंत्रे यांच्यावर नजर ठेवणे वेगळे आणि बाईच्या कपाळाकडे पाहून तिची पात्रता ठरवणे वेगळे.

पुढचा काळ फार दूर नाही. २०१७ मध्ये फिलाडेल्फियात अपुऱ्या दिवसांची कोकरे द्रवाने भरलेल्या पिशवीत आठवडेच्या आठवडे वाढवली गेली. २०२३ मध्ये जपानी संशोधकांनी नर उंदराच्या पेशींपासून स्त्रीबीजे तयार करून पिल्ले जन्माला घातल्याचे जाहीर केले. माणसांपर्यंत हे केव्हा पोचेल हे शास्त्रज्ञांनी सांगावे. पण पोचेल तेव्हा त्याची सर्वांत जास्त गरज माझ्या भाचीसारख्यांनाच असेल. त्या दिवशीही तिच्यासमोर हाच अर्ज येणार असेल, त्यात विवाहित, विधवा की घटस्फोटित एवढेच रकाने असणार असतील, तर ते विज्ञान नक्की कोणासाठी?

गणपतीत ती आली होती. आरतीनंतर वहिनीची मुलगी तिच्या मांडीवर झोपली, आणि माझी बहीण उठून स्वयंपाकघरात गेली. त्याविषयी आम्ही तिघींपैकी कोणी काही बोललो नाही. मला तिची कीव येत नाही. ती धीराची आहे. राग येतो तो एवढ्यासाठी की, तिच्या बीजांच्या साठवणुकीलाही कायद्याने दहा वर्षांची मुदत घातली आहे आणि ती मुदत कोणाच्या चर्चेसाठी थांबत नाही.

हा नियम बदलावा म्हणून अविवाहित स्त्रिया न्यायालयात गेल्या आहेत. तुमच्यापैकी जे वकील आहेत, किंवा ज्यांच्या ओळखीचे कोणी अशी प्रकरणे चालवतात, त्यांनी मला निरोप करावा. कागदपत्रे सगळी तयार आहेत, भाचीची स्वतःहून उभे राहण्याची तयारी आहे. आणि ज्या मैत्रिणींनी आज टाळ्या वाजवल्या त्यांनी येथे खाली लिहावे की, माझ्या भाचीला त्या काय सांगणार आहेत.