खुलासा : ‘तीन सेशनमध्ये धडधड थांबली नाही तर थेरपी वाया’ हे खरं नाही

फॅमिली ग्रुपवर हा मेसेज फिरतोय : अँक्झायटीच्या थेरपीत तीन सेशननंतरही छातीत धडधडत असेल, किंवा त्रास वाढला असेल, तर थेरपी बंद करा.

उपचारांबाबत सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत सततच्या चिंतेच्या विकारासाठी सीबीटीची (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी) साधारण 12 ते 15 साप्ताहिक सत्रं धरली आहेत. तिसऱ्यालाच निकाल लावणं घाईचं. शिवाय ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जाणं हा उपचाराचाच भाग असतो, त्यामुळे सुरुवातीला घाबरणं वाढू शकतं.

मग फरक पडतोय हे कशावरून ओळखायचं? गर्दीच्या भीतीने लोकलने जाणं सोडलेला माणूस दादरला गाडीत चढतो, हात घामेजतात, माटुंग्याला उतरावंसं वाटतं, तरी ठाण्यापर्यंत बसून राहतो. धडधड आहेच, पण टाळाटाळ कमी झाली. ही प्रगतीच. (घरच्यांना ती दिसत नाही, ते ‘अजून घाबरतोसच ना?’ विचारतात.) जोडीला चिंता किती आहे हे मोजणारी जीएडी-7 प्रश्नावली असते : मागच्या दोन आठवड्यांवर सात प्रश्न, गुण 0 ते 21. एका दिवसाचा आकडा नव्हे, त्याचा कल पाहायचा.

अर्थात, बरीच सत्रं होऊनही काहीच हलत नसेल तर थेरपिस्टला स्पष्ट विचारा. पद्धत बदलता येते. गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.