वरण गार होईपर्यंत रेसिंगतज्ज्ञ कसं व्हावं

आमच्या अमेरिकेतल्या शार्लटमध्ये गणपती शनिवारी येतात. पंचांगापेक्षा शाळेच्या कॅफेटेरियाचं बुकिंग मोठं. यंदाही आले, आरती झाली, आणि जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे एक काका. काकांच्या एका हातात वरणाचा डाव, दुसऱ्या हातात तीन कप्प्यांची प्लेट, नजर माझ्या टोपीवर. टोपीवर आकडा २३.

"हा तो बुब्बा ना गं? डायव्हर्सिटी कोट्यातला?"

बुब्बा नाही, बबा. बबा वॉलेस, नॅसकार या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींतला काळा ड्रायव्हर, २३ नंबरची गाडी त्याची. असो. त्यानंतर काका नऊ मिनिटं बोलले आणि त्या नऊ मिनिटांत डाव काही त्यांच्या हातून सुटला नाही. मला मात्र मोठा साक्षात्कार झाला. ज्या खेळाची एकही शर्यत आपण धड पाहिलेली नाही, त्यात कोणाची लायकी किती हे भातावर वरण पडायच्या आत ठरवता येतं! एवढी विद्या एकटीने पोटात ठेवणं बरं नाही. घ्या, तुम्हीही शिका.

पहिला नियम, शर्यत बघायची नाही. बघितली की घोळ होतो. समजा २७ जुलै २०२५ ला तुम्ही चुकून टीव्ही लावलात. इंडियानापोलिस, ब्रिकयार्ड ४००. वॉलेस पुढे, मोजक्या फेऱ्या उरलेल्या, आणि पाऊस. गाड्या थांबवल्या. ट्रॅक सुकवला. मग ओव्हरटाइम, त्यात पुन्हा धडक, पुन्हा ओव्हरटाइम. १६० फेऱ्यांची शर्यत १६८ वर गेली, टाकीत पेट्रोल पुरतंय की नाही याचा भरवसा नाही, आणि मानगुटीवर काइल लार्सन, जो आदल्याच वर्षी तिथे जिंकलेला. पाव सेकंदाहूनही कमी फरकाने वॉलेस जिंकला. त्या लंबगोल ट्रॅकवर १९११ पासून इंडी ५०० ही शर्यत चालू आहे. तिथली कुठलीही मोठी शर्यत काळ्या ड्रायव्हरने जिंकल्याचं त्या संध्याकाळपर्यंत कोणी पाहिलं नव्हतं. मी सोफ्यावर उभी राहून ओरडत होते आणि वरच्या मजल्यावरून मुलगा विचारत होता, आई, काय झालं.

आणि गंमत म्हणजे लार्सनही त्याच 'कोट्यातला'. त्याची आई जपानी-अमेरिकन. म्हणजे काका ज्याला कोटा म्हणतात, पहिला त्या योजनेतून आलेला, दुसराही त्याच योजनेतून आलेला. मेरिटवाले तिसऱ्या नंबरपासून पुढे. बघा, म्हणून म्हणते, शर्यत बघू नका.

'मेरिट' हा शब्द म्हणताना आवाज खाली आणावा, सोवळ्यातल्या माणसाने देवाचं नाव घ्यावं तसा.

त्या योजनेचं नाव 'ड्राइव्ह फॉर डायव्हर्सिटी'. २००४ ला सुरू झाली. ती नेमकं काय करते हे मुळीच वाचू नका. वाचलंत तर कळेल की इथून जवळच, कॉन्कॉर्डला, तिची टीम आहे. चाचण्या घेऊन पोरं निवडतात आणि त्यांना खालच्या पायरीवरच्या गाड्या देतात, गावोगावच्या छोट्या ट्रॅकवर पळवायला. नॅसकारच्या सर्वात वरच्या पायरीवरची, कप मालिकेतली सीट तिथे वाटत नाहीत. ती स्वतः जिंकून, स्पॉन्सर गाठून मिळवायची आणि वर्षाला ३६ शर्यतींत टिकवायची. एवढं सगळं सांगत बसलात तर तुमचा मुद्दाच जाईल. नुसतं 'कोटा' म्हणा. आपल्या माणसांना पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

आता आडनावं पाठ करा. ली पेटी, त्याचा मुलगा रिचर्ड, त्याचा काइल, त्याचा ॲडम. चार पिढ्या. डेल अर्नहार्ट आणि डेल ज्युनिअर. बिल एलियट १९८८ चा चॅम्पियन, त्याचा मुलगा चेस २०२० चा. रिचर्ड चिल्ड्रेस टीमचा मालक, नातू ऑस्टिन डिलन त्याच टीमचा ड्रायव्हर. खुद्द नॅसकार १९४८ साली बिल फ्रान्सने काढलं, ते पुढेही फ्रान्स घराण्यातच राहिलं. याला कोटा म्हणायचं नसतं हं. ही परंपरा. साखर कारखान्याची चेअरमनकी जशी रक्तातून उतरते, तसा इथे स्टिअरिंगवरचा हात रक्तातून उतरतो. पाच-सहा वर्षांच्या पोराला छोट्या रेसिंग गाडीत बसवायला बापाकडे ट्रेलर लागतो, गॅरेज लागतं, मेकॅनिक लागतो आणि सगळे शनिवार-रविवार मोकळे लागतात, हे अगदीच किरकोळ. (चेस एलियट मलाही आवडतो. तो भांडणाचा विषय नाही.)

बाईच्या डोक्यावर रेसिंगची टोपी दिसली तर आधी 'नवऱ्याची का?' असं विचारून खात्री करून घ्यावी. काकांनी केली.

कॉन्फेडरेट झेंड्याचा, म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या झेंड्याचा, विषय निघाला तर 'हेरिटेज' म्हणा आणि पापड उचला. १० जून २०२० ला नॅसकारने त्या झेंड्यावर बंदी घातली, तेव्हा टॅलाडेगाच्या ट्रॅकवर काही हौशी लोकांनी विमान लावून तो आकाशात फिरवला होता. हेरिटेजसाठी माणूस काय काय खर्च करतो!

त्याच टॅलाडेगाचं फासाचं प्रकरण. ते 'नाटक होतं' असं ठासून सांगायचं, तपशिलात शिरायचं नाही. तपशील असा की २१ जून २०२० ला वॉलेसला मिळालेल्या गॅरेजमध्ये दार ओढायच्या दोराला गळफासाची गाठ दिसली, काळ्यांना जमावाने लटकवून मारल्याची खूण ती. ती पाहिली त्याच्या टीममधल्या माणसाने. वॉलेसला सांगितलं नॅसकारच्या अध्यक्षाने. वॉलेसने स्वतः ती पाहिलीही नव्हती, तक्रार करणं दूरच. एफबीआयचे १५ जण आले आणि त्यांनी शोधून काढलं की तो दोर ऑक्टोबर २०१९ पासून तसाच होता, म्हणजे वॉलेससाठी मुद्दाम कोणी बांधलेला नाही. ठीक. सुटकेचा श्वास टाकावा की नाही? तर नाही, नाटक केलं म्हणून ज्याला त्याला झोडायचं तोच. पुढे नॅसकारने २९ ट्रॅकवरची १,६८४ गॅरेजं तपासली. गाठ मारलेले दोर ११ निघाले. फासाची गाठ एकच निघाली, तीच. पण हे आकडे कोणाला सांगायचे? वरण घ्या.

दुसरी संधी कोणाला द्यायची याचाही नियम आहे. एप्रिल २०२० मध्ये लार्सन एका ऑनलाइन शर्यतीत काळ्या लोकांबद्दलची ती शिवी बोलला. माइक चालू होता. नोकरी गेली, ते योग्यच. पुढच्याच वर्षी त्याला या खेळातल्या सर्वात तगड्या टीमची गाडी मिळाली, १० शर्यती जिंकला, चॅम्पियन झाला. तो सुधारला असेल, मी मानते, भन्नाट चालवतो. पण त्या वर्षभरात त्याला कोणी 'कोट्यातला' म्हटलेलं मला तरी ऐकू आलं नाही. वॉलेस विसावा आला की मात्र कोटा, आणि पहिला आला की नशीब.

वेंडेल स्कॉट हे नाव कोणी काढलंच, तर 'कोण?' म्हणा. काकांनी अगदी असंच म्हटलं.

सांगते कोण. इथून गाडीने अडीच तासांवर, व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा माणूस. दुसऱ्या महायुद्धात लष्करात मेकॅनिक, नंतर टॅक्सी चालवली, रात्री चोरटी दारू पोहोचवली. दारूचं नाक मुरडू नका, या खेळातले कितीतरी गोरे हिरो त्याच धंद्यातून वर आले. स्वतःचं गॅरेज, स्वतःची टीम, पिटमध्ये स्वतःची पोरं. १ डिसेंबर १९६३. फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल, अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्यांची शर्यत. स्कॉटची शेव्हरोले दुसऱ्या ड्रायव्हरकडून विकत घेतलेली, वापरलेली. शेवटच्या पंचवीसेक फेऱ्या उरल्या असताना त्याने रिचर्ड पेटीला मागे टाकलं. हो, तोच पेटी, चार पिढ्यांतला दुसरा. स्कॉटच्या २०० फेऱ्या झाल्या. शर्यत संपल्याचा चौकटीचा झेंडा काही पडेना. २०१. नाही. २०२. शेवटी झेंडा पडला तो बक बेकर नावाच्या गोऱ्या ड्रायव्हरसाठी. बेकर दोन फेऱ्या मागे होता! एखादा नाकाएवढा फरक नव्हे, दोन अख्ख्या फेऱ्या, म्हणजे पुरता एक मैल! ट्रॉफी बेकरला, फोटो बेकरचे. स्कॉटने तक्रार केली, काही तासांनी, लोक पांगल्यावर, साहेबांनी मान्य केलं की मोजण्यात चूक झाली. चूक? अर्ध्या मैलाच्या रिंगणात एक माणूस इतरांना दोनदा ओलांडून जातो आणि मोजणाऱ्याला दिसत नाही? घरचे म्हणत आले की ट्रॉफी देणाऱ्या गोऱ्या सुंदरीने काळ्या विजेत्याचा मुका घेतलेला फोटो त्या दिवशी कोणाला नको होता. ट्रॉफी गेली ती गेली. स्कॉट आणखी दहा वर्षं पळत राहिला. ४९५ शर्यती, त्यांत १४७ वेळा पहिल्या दहांत, दुसऱ्यांच्या टाकलेल्या गाड्या दुरुस्त करून. १९७३ ला टॅलाडेगाच्या अपघाताने थांबला, १९९० ला गेला. जॅक्सनव्हिलच्या लोकांनी ट्रॉफीची प्रतिकृती घरच्यांना दिली २०१० मध्ये. नॅसकारने स्वतः ट्रॉफी दिली २८ ऑगस्ट २०२१ ला, डेटोनाला, त्याच्या शंभराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. आणि कप मालिकेत काळ्या ड्रायव्हरचा पुढचा विजय कधी? ४ ऑक्टोबर २०२१. टॅलाडेगा. बबा वॉलेस. मधली सत्तावन्न वर्षं एकालाही मेरिट नव्हतं, असं समजायचं का आपण? की मोजणाऱ्यांचं जॅक्सनव्हिलला जे झालं तेच सगळीकडे होत होतं?

मेरिट मेरिट करताय, आधी फेऱ्या तरी मोजा की!

बरं, सल्ले द्यायला बसले होते. एक राहिला. आपला माणूस असला की नियम फिरवावा. नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत मोजक्या शर्यती पळला. एकही जिंकला नाही. पण वर्षाचा सर्वात लोकप्रिय ड्रायव्हर तोच, चाहत्यांच्या मतांवर. मत मीही टाकलं होतं, लाजायचं कशाला. तेव्हा कोणी म्हणालं नाही की मेरिट कुठाय. तेव्हा छाती फुगली होती.

काका त्या नऊ मिनिटांच्या शेवटी काय म्हणाले ते सांगितलंच नाही. "अगं, तुझ्या बँकेत आमच्या धाकट्याचा रेझ्युमे जरा पुढे सरकव ना. पोर्टलवर टाकून काही होत नाही." त्याच दमात. 'कोटा' शब्द अजून ओठांवर होता.

मी तिथे हसले आणि हो म्हणाले, कारण समोर बाप्पा होते आणि मागे त्यांच्या सूनबाई. पण इथे हसत नाही. काका, तुमच्या पोराला तुम्ही रांगेतून पुढे काढता ती ओळख, आणि ज्याला ट्रॅकच्या फाटकातच दोन पिढ्या येऊ दिलं नाही त्याला कोणी चाचणीला बोलावलं तर तो कोटा? तुम्ही या देशात कसे आलात? १९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला जेमतेम १०० जागा होत्या. शंभर! खरा कोटा तो. तो उठला १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा आभाळातून पडला नाही. काळी माणसं दक्षिणेत रस्त्यावर उतरली, कुत्री अंगावर घेतली, तुरुंगात गेली, १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा झाला, आणि त्याच लाटेत वर्षभराने तुमच्यामाझ्यासाठी दार उघडलं. त्या सुमारास स्कॉट त्याच दक्षिणेत स्वतःच्या गाडीखाली झोपून गिअरबॉक्स बदलत होता. तुम्हाला वॉलेस आवडायलाच हवा असं नाही. चिडका आहे, मागे एकदा लार्सनच्याच गाडीला ट्रॅकवर मुद्दाम धडक दिली, वर उतरून त्यालाही ढकलला, त्या धडकेची एका शर्यतीची बंदी भोगली. त्यावर बोला की, मीही बोलते. पण शर्यत बघून बोला. शार्लटचा ट्रॅक तुमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे, मेमोरियल डेच्या रविवारी ६०० मैलांची शर्यत असते, आणि तुम्ही चौदा वर्षांत एकदाही तिथे फिरकला नाहीत, फक्त ट्रॅफिकबद्दल कुरकुरलात.

आणि तो डाव ठेवा आता खाली. मागे पन्नास माणसं उभी आहेत.