कळवतो म्हणालेत ना, मग झालं काम!

चाकणला तुमचा सुट्या भागांचा कारखाना आहे, नागोयाच्या एका कंपनीने भेटीला बोलावलंय, आणि घरचे 'तिकडच्या रीतीभाती जरा वाचून जा' म्हणून मागे लागलेत. अजिबात वाचू नका. सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. तिथे एका रविवारी चक्कर मारा, बाहेर येऊन भेळ खा. जपान झालं.

आधी वेळेचं. नोव्हेंबर २०१७मध्ये तोक्योजवळ त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी २० सेकंद लवकर सुटली, म्हणून रेल्वे कंपनीने जाहीर माफी मागितली होती. अशा माणसांकडे दहाच्या मीटिंगला सव्वादहाला गेलात तर त्यांनाही जरा मोकळं वाटेल. कारण विचारलं तर ट्रॅफिक सांगा. भुयारी रेल्वेने आला असलात तरी ट्रॅफिकच सांगा.

मग येतं व्हिजिटिंग कार्ड, म्हणजे त्यांची 'मेइशी'. समोरचा उभा राहील, किंचित वाकेल, आणि नाव तुम्हाला सरळ वाचता येईल असं धरून दोन्ही हातांनी कार्ड पुढे करेल. तुम्हीही दोन्ही हातांनी घ्यावं, नीट वाचावं, अशी अपेक्षा असते. खरं तर हे आपल्याला शिकवावं लागत नाही. देवळात तीर्थप्रसाद घेताना आपण डावा हात उजव्याखाली धरतोच की. पण तो देव झाला, हा परचेसवाला. तेव्हा खुर्चीतून न उठता, एका हातात मोबाइल ठेवून, दुसऱ्या हाताने रमीचे पत्ते वाटावेत तशी आपली कार्डं टेबलावरून सरकवा. त्यांचं आलेलं कार्ड पँटच्या मागच्या खिशात घाला आणि त्यावर बसा. तिथे कार्डाचा मान म्हणजे माणसाचा मान. मीटिंगभर ती कार्डं समोर, माणसं बसलीत त्याच क्रमाने मांडून ठेवतात. रेटचा हिशेब करायला कागद हवा असेल तेव्हा अगदी हाताशी सापडतील.

भेट म्हणून बाकरवडीची मोजून चार पाकिटं न्या. चारला जपानीत 'शि' म्हणतात, मरणालाही 'शि'च. लक्षात राहील.

रात्री जेवायला नेतील. तिथे आपला ग्लास आपण भरत नाहीत, शेजाऱ्याचा भरतात आणि तो आपला भरतो. एवढा वेळ कुणाला आहे? बाटली जवळ ओढा. चॉपस्टिक्सचा कंटाळा आला की भातात सरळ उभ्या खोचून ठेवा. त्यांच्याकडे अशा उभ्या काड्या मृताच्या भातात खोचतात. एखादा चांगला तुकडा शेजाऱ्याला द्यायचा असेल तर आपल्या काड्यांतून थेट त्याच्या काड्यांत द्या. दहनानंतर अस्थी सावडताना नातेवाईक हाडं अशीच काड्यांतून काड्यांत देतात. आपल्याकडे पंगतीत पाहुण्याने वरणभाताचा पिंड वळून 'काव काव' केलं तर यजमानीणबाईंचा चेहरा जसा होईल, तसे आठ चेहरे एकदम बघायला मिळतील. नूडल्स मात्र तिथे खुशाल आवाज करत भुरकतात. तेवढ्या तुम्ही ओठ मिटून, सुसंस्कृतपणे खा.

आता धंदा. मीटिंगमध्येच सौदा तोडायचा, सही घेऊनच उठायचं, हे तुमचं ठरलेलं असेल. त्यांच्याकडे मात्र 'नेमावाशी' असते. शब्द माळ्यांचा आहे: झाड हलवायचं तर आधी मुळांभोवती हळूहळू खणून तयारी करायची. म्हणजे ज्याला त्याला आधीच भेटून मन वळवायचं, मीटिंगमध्ये फक्त माना डोलवायच्या. सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला एकदा जरी बसला असलात तरी हे तुम्हाला मुखपाठ असायला हवं. पण परदेशात गेलं की आपण भाबडे होतो.

तुम्ही बोलत असताना ते दर वाक्याला 'हाइ' म्हणतील. कोशात अर्थ 'हो' असा आहे, तेवढा धरून चला. कथेला बसलेल्या आजीचं 'हं' असतं, ऐकतेय एवढंच सांगणारं, तसलं काही मनात आणू नका. शेवटी दर सांगितलात की त्यांच्यातले सगळ्यात ज्येष्ठ गृहस्थ दातांतून हवा आत ओढतील, 'स्स्स्', मान थोडी कलती करतील आणि म्हणतील, 'चोत्तो मुझुकाशिइ.' जरा अवघड आहे. दुसरे म्हणतील, 'केन्तो शिमासु.' विचार करतो. 'नाही' हा शब्द खोलीत कोणीही उच्चारणार नाही. मग काम झालंच की!

मुलीच्या स्थळाला 'पत्रिका जुळत नाही' असं तीनदा कळवणारे तुम्ही, मेहुण्याने उसने मागितले की 'बघू, पगार होऊ दे' म्हणणारे तुम्ही. पण ती झाली आपली भाषा. जपान्यांना कुठली एवढी खोच जमायला?

तेव्हा विमानतळावरूनच घरी फोन करा: 'ऑर्डर पक्की. विचार करून कळवतो म्हणालेत.' नव्या मशीनसाठी बँकेत कर्जाचा अर्ज टाका. मग महिनाभर रोज सकाळी मेल उघडून बघत बसा. मध्येच बेल वाजेल, दारात गणपतीच्या वर्गणीची पोरं पावतीपुस्तक घेऊन उभी असतील. त्यांना हसून 'बघू रे, दोन दिवसांनी या' म्हणा, दार लावा, आणि परत मेल बघायला बसा.